उपभोगाची बेरीज आणि विडीची मजुरी

अर्थशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर एक समीकरण लिहीत आलो. कुटुंबांचा उपभोग, सरकारचा उपभोग, गुंतवणूक आणि आयात वजा जाता उरलेली निर्यात यांची बेरीज म्हणजे देशाचे उत्पादन. भारतात यात कुटुंबांचा वाटा सुमारे ६० टक्के, सरकारचा सुमारे १० टक्के. मुले हे पाठ करतात, गुण मिळवतात. परंतु कुटुंब म्हणजे कोणाचे कुटुंब, हे समीकरण विचारीत नाही. ते आपण विचारले पाहिजे.

सोलापूरच्या वस्त्यांत घरोघरी बाया विड्या वळतात. अशाच एका बाईची मुलगी माझ्या वर्गात होती. घराजवळच्या सरकारी शाळेत शिक्षक अपुरे, म्हणून आईने विड्यांच्या मजुरीतून तिला शिकवणी लावली होती. सरकारी शिक्षकाचा पगार हा सरकारी उपभोग. शिकवणीची फी हा कौटुंबिक उपभोग. शासनाने हात आखडला आणि आईने पोटाला चिमटा घेतला, तर हिशेबात रक्कम एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाते, एवढेच. वर आम्ही शिकवायचे की, लोकांचा खर्च वाढला, म्हणजे राहणीमान सुधारले! उजनीचे पाणी या शहराला बरीच वर्षे काही दिवसांआड मिळाले. विकत घेतलेला पाण्याचा जार हाही उपभोगच. खाजगी दवाखान्याचे बिलही उपभोगच. ती माउली घरी रांधते, लेकरे सांभाळते, म्हाताऱ्या सासूचे करते, ते मात्र बेरजेत कुठेच नाही.

सरासरीचीही तीच गत. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरी भागातला दरडोई मासिक खर्च ६,४५९ रुपये निघाला. त्यात अनुसूचित जातींचा ५,३०७. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांबाहेरच्यांचा ७,३३३. एका ६० टक्क्यांच्या पोटात ही दरी झाकली जाते. आणि सरकारच्या १० टक्क्यांत शाळा-दवाखान्यांबरोबर कचेऱ्या, पोलीस, सैन्यही आले.

समीकरण खोटे आहे, असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे. डॉ. आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते. १९४७ साली राज्यघटनेसाठी मांडलेल्या निवेदनात त्यांनी प्रमुख उद्योग, शेती आणि विमा राज्याच्या हाती असावेत, असा आग्रह धरला. गरिबाचे जगणे बाजारावर सोडून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून विद्यार्थ्यांना आता मी एक प्रश्न जास्तीचा देतो: हा खर्च ऐपतीने झाला की नाइलाजाने? त्याचे उत्तर फळ्यावर सापडत नाही. ते वस्तीत जाऊनच लिहून आणावे लागते.