डॉ. अरविंद चोप्रा यांचे संधिवातविषयक संशोधन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना : संधिवाताविषयीचे बरेचसे ज्ञान रुग्णालयातील नोंदींवर उभे असते, जो रुग्ण तेथवर पोहोचत नाही, तो शास्त्रालाही दिसत नाही. ही उणीव पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या संशोधनाने हेरली.

विवेचन : इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली 'कॉपकॉर्ड' पद्धतीने घरोघर पाहणी सुरू झाली. तीत ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे आढळले. स्वयंप्रतिकारक आमवाताचे प्रमाण मात्र सुमारे अर्धा टक्का होते. या दोन आकड्यांतील अंतर हेच या अभ्यासाचे मर्म होय. दुखणे व्यापक, नेमके निदान मोजक्यांचेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आयुर्वेदिक औषधाच्या चाचणीतही आमवाताच्या १८२ रुग्णांचे निष्कर्ष सचोटीने मांडले आहेत. प्लासिबो घेणाऱ्यांतही लक्षणीय सुधारणा दिसल्याने औषधाची निर्विवाद सरशी सिद्ध झाली नाही, हे त्यात दडविलेले नाही.

मर्यादा : अर्धा टक्का म्हणजे भिगवणमधील जेमतेम वीस व्यक्ती, एवढ्यावरून राज्याचे अनुमान काढणे धाडसाचे ठरते. पुढे देशात इतरत्रही अशा पाहण्या झाल्या. तथापि मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांसारखे हंगामी स्थलांतरित घरोघरच्या पाहणीतून सहज निसटू शकतात.

निष्कर्ष : भिगवणचा आकडा मराठवाड्यास जसाच्या तसा लावता येणार नाही, पद्धत मात्र अवश्य स्वीकारावी, आणि पाहणी गावाबरोबरच ऊसतोडीच्या फडावरही व्हावी.