क्रीडासाधने, थकवा-निवारणाचे उपाय आणि हौशी खेळाडू : कोयना खोऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, कोयना धरणाच्या परिसरात वसलेले कोयनानगर हे मुसळधार पावसाचे गाव आहे. येथे वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सपाट जमीन थोडी, चढ-उतार फार आणि शैक्षणिक वर्षाच्या पूर्वार्धात मैदान ओले, अशा परिस्थितीत येथील विद्यार्थी कबड्डी, कुस्ती, धावणे व व्हॉलीबॉल हे खेळ खेळतात. हा खेळाडू हौशी असतो. त्याच्यामागे ना वैद्यकीय पथक असते, ना पुरस्कर्ता. महागडे बूट, गुडघ्याची पट्टी, पोटरीवरचे घट्ट मोजे, मसाज गन, प्रथिनांची पावडर यांच्या जाहिराती मात्र त्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचतात. या वस्तूंचा खर्च एक तर पालकांच्या खिशातून होतो किंवा महाविद्यालयाच्या जिमखाना निधीतून. दोन्हीकडे पैसा मोजकाच असतो. म्हणून ही साधने हौशी खेळाडूला खरोखर उपयोगी पडतात काय, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. साधन कोणत्या खेळाडूसाठी, कोणत्या इजेसाठी व कोणत्या जमिनीसाठी आहे, हे निश्चित केल्यावरच त्याच्या उपयुक्ततेचा निर्णय करता येतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. माती आणि गादी : खाशाबा जाधव यांचे उदाहरण

कोयना नदी कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. तेथून जवळच असलेले गोळेश्वर हे खाशाबा जाधव यांचे गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीच्या आखाड्यात घडलेल्या या मल्लाला लंडनमध्ये गादीवर लढावे लागले. मातीत पाय रुततो, गादीवर तो वेगळ्या रीतीने पकड घेतो. डावाचा वेग व तोलही त्यामुळे बदलतो. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढील चार वर्षांच्या मेहनतीनंतर हेलसिंकीचे यश आले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, ज्या पृष्ठभागावर स्पर्धा होते तो पृष्ठभाग हेच खेळाडूचे पहिले साधन असते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग ठेवले जातात, त्यामागेही हेच वास्तव आहे. दुसरी गोष्ट अशी की, एका शिक्षकाने केलेली आर्थिक मदत योग्य ठिकाणी पोहोचली तर तिचे मोल फार मोठे असते. कबड्डीतही आज हेच घडत आहे. गावातील सामना मातीवर अनवाणी खेळला जातो, तर वरच्या पातळीवरील सामना मॅटवर, बूट घालून. मॅटवरील बुटाला पर्याय नाही, कारण ती त्या पृष्ठभागाची गरज आहे. मात्र केवळ बूट दिला आणि मॅटवर सराव दिला नाही, तर साधन हाती येऊनही तयारी अपुरीच राहते.

२. संरक्षक साधने : कोठे उपयुक्त, कोठे नाही

इजा टाळणाऱ्या साधनांची बाजू तुलनेने भक्कम आहे. क्रिकेटमधील हेल्मेट व गार्ड किंवा मुष्टियुद्धातील दंतरक्षक यांविषयी वाद घालण्याचे कारण नाही. घोट्याच्या पट्ट्याबाबतही चांगला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १४६० शालेय बास्केटबॉलपटूंवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लेस असलेला पट्टा वापरणाऱ्यांमध्ये घोट्याच्या इजा लक्षणीयरीत्या कमी आढळल्या. झालेल्या इजांची तीव्रता मात्र कमी झाली नाही. घोटा पूर्वी मुरगळलेला असल्यास पट्ट्याचा लाभ अधिक, असे या विषयावरील एकूण संशोधन सांगते. ओल्या, उंचसखल जमिनीवर खेळणाऱ्यांसाठी ही माहिती उपयोगाची आहे.

धावण्याच्या बुटांची स्थिती वेगळी आहे. पायाच्या कमानीचा आकार पाहून ‘योग्य’ बूट निवडून दिल्यास इजा टळतात, हा समज दुकानात व मैदानात दोन्हीकडे रूढ आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२२ मधील आढाव्यात १२ चाचण्या व अकरा हजारांहून अधिक धावपटूंचा विचार करण्यात आला. अशा निवडीमुळे इजांच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, असे त्यातून दिसून आले. २०१७ नंतर गाजलेल्या, कार्बन पट्टी बसविलेल्या बुटांनी वेगवान धावपटूंची सुमारे चार टक्के ऊर्जा वाचते, असे प्रयोगशाळेत आढळले. ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांमध्ये मात्र हा लाभ बराच कमी व व्यक्तीगणिक बदलणारा आहे. सातारा येथे २०१२ पासून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये ताशी १० किलोमीटर वेगाने धावणाऱ्यास अंतर पूर्ण करण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि चढावर हौशी धावपटूचा वेग त्याहूनही घटतो. असा बूट ज्या वेगासाठी घडविला गेला, तो वेगच येथे नसतो.

याच्या उलट टोकाची भूमिकाही टाळावयास हवी. ‘पूर्वीचे खेळाडू अनवाणीच जिंकत’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि त्यासाठी अबेबे बिकिला यांचा दाखला दिला जातो. इथिओपियाच्या या धावपटूने १९६० साली रोम येथे अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकली, हे खरे आहे. परंतु १९६४ साली टोकियो येथे त्यांनीच बूट घालून ती पुन्हा जिंकली, तीही रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक कमी वेळ घेऊन. तात्पर्य, बुटामुळे धावपटू घडत नाही आणि अनवाणी पायामुळेही घडत नाही. पायाला न लागणारा, तळ न झिजलेला, ओल्या जमिनीवर न घसरणारा साधा बूट हीच हौशी खेळाडूची खरी गरज आहे.

३. थकवा-निवारण : वेदना कमी होणे आणि शरीर सावरणे

कष्टाच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी अंग आंबते. ही वेदना कमी करण्याच्या उपायांचीच आज सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. येथे वेदना कमी होणे व शरीर सावरणे यांत भेद करणे आवश्यक ठरते.

बर्फाच्या पाण्यात बसण्याचा उपाय पाहावा. २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यानुसार नुसत्या विश्रांतीपेक्षा थंड पाण्याने अंगदुखी कमी होते. परंतु त्यातील १७ चाचण्यांत मिळून केवळ ३६६ व्यक्ती होत्या. ऑस्ट्रेलियात २०१४ साली ३० पुरुषांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला थंड पाणी देण्यात आले. दुसऱ्या गटाला कोमट पाणी देऊन त्यात शरीर सावरणारे खास तेल मिसळले आहे असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते साधे त्वचा-स्वच्छक होते. तरीही त्या गटाला थंड पाण्याइतकाच लाभ झाला. यावरून उपायाच्या परिणामातील विश्वासाचा वाटा लक्षात येतो. त्यानंतर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, बारा आठवड्यांच्या शक्ती-व्यायामानंतर नियमितपणे थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू तुलनेने कमी वाढल्याचे आढळले.

याचा अर्थ हा उपाय टाकाऊ आहे असा नव्हे. दोन दिवसांत तीन-चार सामने खेळावयाचे असल्यास वेदना कमी होणे हाच मोठा लाभ असतो. मात्र सरावाच्या महिन्यांत, शक्ती कमावण्याच्या काळात, तोच उपाय प्रतिकूल ठरू शकतो.

ताणाच्या व्यायामांविषयीही असाच भ्रम आढळतो. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातील सर्वांत मोठ्या चाचणीत त्यांमुळे अंगदुखी शंभर गुणांच्या मापावर सुमारे चार गुणांनीच कमी झाली. दुसरीकडे, २०१८ साली ९९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या फ्रेंच संशोधकांना अंगदुखी व थकव्याची जाणीव कमी करण्यात मालीश हा उपाय सर्वांत प्रभावी आढळला. तालमीत मेहनतीनंतर एकमेकांचे अंग रगडणाऱ्या मल्लांना हे नवे वाटणार नाही. त्या मालिशीला तेलापलीकडे खर्च नसतो. म्हणून परंपरेतील प्रत्येक उपाय खरा असे मात्र मानता येणार नाही. त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

जाहिरातींतील दाव्यांची पारख ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली केली. १०४ क्रीडा-उत्पादनांशी निगडित ४३१ दाव्यांमागील अभ्यास त्यांनी तपासले, तेव्हा उत्तम दर्जाचे व पूर्वग्रहाचा धोका कमी असलेले केवळ तीन अभ्यास हाती लागले. मसाज गन वा घट्ट मोजे खरेदी करण्यापूर्वी हे प्रमाण ध्यानात ठेवणे इष्ट होय.

४. विनामूल्य साधने

ज्या उपायांचा पुरावा सर्वांत आश्वासक आहे, त्यांची जाहिरात होत नाही. नॉर्वेतील १८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुमारे वीस मिनिटांच्या शिस्तबद्ध पूर्वव्यायामामुळे एकूण इजांचा धोका जवळजवळ एक-तृतीयांशाने घटला. केवळ पायाच्या इजांपुरता पाहिल्यास फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. झोपेबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठातील ११ बास्केटबॉलपटूंचा २०११ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. झोपेचे तास वाढविल्यावर त्यांचा धावण्याचा वेग व नेमबाजीची अचूकता सुधारली. अभ्यास लहान असला तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. पहाटेची एसटी गाठून महाविद्यालयात येणाऱ्या व सायंकाळी उशिरा सराव करून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत थकव्याचे मूळ पुष्कळदा वेळापत्रकातच असते. ते कोणत्याही पट्टीने झाकता येत नाही.

याहून गंभीर धोका असा की, पट्टी व वेदनाशामक फवारा यांच्या आधारे दुखावलेला खेळाडू मैदानात उतरविला जातो. येथे साधन खेळाडूचे रक्षण करीत नाही. ते इजेची सूचना दडपते. संघाच्या विजयासाठी असा निर्णय घेतला जात असेल, तर त्याची जबाबदारी साधनावर नव्हे, मार्गदर्शकावर येते.

समारोप

क्रीडासाधने निरर्थक नाहीत आणि सर्वसमर्थही नाहीत. जे साधन खेळाच्या नियमातून, पृष्ठभागातून किंवा खेळाडूच्या पूर्वीच्या इजेतून आवश्यक ठरते, ते प्रथम घ्यावे. जे केवळ वेदना कमी करते, ते स्पर्धेच्या दिवसांपुरते वापरावे. जे फक्त आश्वासन देते, त्यावर निधी खर्च करू नये. या क्रमाने पाहता, कोयनानगरसारख्या अतिपावसाच्या ठिकाणी जिमखान्याचा पहिला रुपया पाण्याचा निचरा होणाऱ्या मैदानावर किंवा छताखालील सामाईक मॅटवर, दुसरा घोटा दुखावलेल्यांच्या पट्ट्यावर व साध्या बुटांवर खर्च होणे न्याय्य ठरेल. सरावाची वेळ ठरविताना विद्यार्थ्याची झोप व त्याची शेवटची एसटी विचारात घेणे यास तर निधीही लागत नाही. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले ते खेळाडूला स्पर्धेपर्यंत पोहोचविण्यासाठी. आजच्या मोजक्या निधीचा विनियोग करतानाही तोच हेतू समोर असावा.