‘बलुतं’ : वर चढलेल्या माणसाचे दुःख

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथाची चर्चा बहुधा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना येथील दारिद्र्याच्या अंगाने होते. आमच्या मते त्याचा गाभा दारिद्र्यानंतर आलेल्या स्थैर्यात आहे.

निवेदनाची रचनाच पाहावी. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. माणूस एकच, एक रूप महारवाड्यात वाढलेले, दुसरे शिकून नोकरीस लागलेले, कवी म्हणून मान्यता पावलेले. प्रतिष्ठेसाठी दगडूला मागे ठेवावे लागते. पण तो मागे राहत नाही.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत जात उघड होताच नायकाला मार बसतो. तेथे आघात करणारे हात दिसतात. ‘बलुतं’मधील सुशिक्षित माणसावर कोणी हात उगारीत नाही, तरी जखम वाहतेच. ज्यांच्या पंक्तीत जाऊन बसायचे त्यांच्यात आपलेपणा नाही, आणि ज्यांच्यातून उठून आलो त्यांच्याकडे परतण्याची वाट बुजलेली. हा भ्रमनिरास पवार लपवीत नाहीत. समाजाची उणीदुणी त्यांनी चव्हाट्यावर मांडली, असा आक्षेप आपल्यातूनच घेतला गेला. तो आम्हांस मान्य नाही. येथे लेखक सर्वाधिक कठोर झाला आहे तो स्वतःविषयी.

उणीव आहे ती वेगळी. दगडू बोलत राहतो. ऐकणारा दया पवार त्याला फारसे उत्तर देत नाही. त्यामुळे कबुली प्रखर होते, पण कबुलीनंतरच्या कर्तव्याचा विचार अपुरा राहतो.

शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची व्यथा बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बोलून दाखविली होती. त्या वर्गाच्या अंतःकरणात काय चालते, याची साक्ष ‘बलुतं’ देते. दुःखाचे मूळ तृष्णेत आहे, असे धम्म सांगतो. पण बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केलेला नाही. तेव्हा वर येण्याची आकांक्षा दोषार्ह नव्हे. आपल्यातील दगडूला नाकारून वर जाण्याची तृष्णा मात्र यशालाही दुःखाचे रूप देते.

पक्क्या घरांत राहणाऱ्या आपल्या वाचकांनी हा ग्रंथ पुन्हा वाचावा. दगडूचे म्हणणे शांतपणे ऐकावे, आणि ग्रंथात न आलेले उत्तर आपल्या आचरणातून द्यावे.