'लिटल'मधला 'च'

इंग्रजीच्या क्लासात पोरांना हमखास छळणारी एक जोडी आहे: 'अ लिटल' आणि नुसतं 'लिटल'. 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडं पाणी आहे, भागेल. 'लिटल वॉटर' म्हणजे जवळजवळ नाहीच. इंग्रजी हे काम एका 'अ'वर उरकते, आपण 'च'वर. 'घागरीत थोडं पाणी आहे' आणि 'घागरीत थोडंच पाणी आहे' यातला फरक नायगावात कुणालाही व्याकरणाशिवाय कळतो. मे महिन्यात जरा लवकरच कळतो.

'लिटल मॅगझिन'चं मराठी करताना हा 'च' गळाला, असं मला वाटतं. 'स्मॉल' हे माप आहे. 'लिटल'मध्ये बोलणाऱ्याचं मन मिसळलेलं असतं, कधी माया, कधी तुच्छता. शिकागोत १९१४ साली मार्गारेट अँडरसन यांनी 'द लिटल रिव्ह्यू' काढलं. त्यात १९१८ पासून जेम्स जॉइसची 'युलिसिस' क्रमशः आली. टपाल खात्यानं अंक जप्त केले, १९२१ साली अश्लीलतेच्या खटल्यात दोघी संपादिकांना ५०-५० डॉलर दंड झाला. हे नियतकालिक 'लिटल' होतं ते पानांच्या हिशेबानं नव्हे. आम्ही थोडेच आहोत आणि त्याची लाज नाही, असा तो सूर होता.

आपण म्हणालो 'लघुअनियतकालिक'. 'लघु' म्हटलं की लघुउद्योग, लघुपाटबंधारे आणि (माफ करा) लघुशंका आठवते. शब्दाला सरकारी फाइलचा वास आहे. आपल्याकडचा 'बारकं' जास्त जवळचा: बारका भाऊ पन्नाशीला आला तरी बारकाच राहतो. 'बारकं मासिक' म्हटलं असतं तर लोक हसले असते, पण माया तरी राहिली असती. 'अनियत' मात्र अस्सल भर आहे. इंग्रजी नावात नसलेली गोष्ट त्यानं सांगितली: पैसे जमले तर अंक, नाहीतर नाही.

पन्नासच्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी चक्रमुद्रित 'शब्द' काढलं. पुढे अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील यांचं 'वाचा' आलं. या चळवळीवर लिहिणारे लहानपणाला बाणा मानतात. तो बाणा होताच. पण मोठ्या दारात उभं राहून पाठ फिरवणं आणि दारापर्यंत रस्ताच नसणं, यांना एकच विशेषण लावलं की घोटाळा होतो.

म्हणून मला त्याच औरंगाबादेतलं गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' महत्त्वाचं वाटतं. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं हे त्रैमासिक साधनांनी लहान होतं, पण त्याला लहान राहायचं नव्हतं. ज्यांना कुणी छापत नव्हतं अशा दलित लेखकांना त्यानं छापलं, आणि लेखक-वाचक मेळावे भरवून वाचक जमवला. वाचक थोडे असणं हा तिथं अलंकार नव्हता, तो अन्यायाचाच एक भाग होता. नायगावसारख्या तालुक्याच्या गावातून लिहिणाऱ्यासाठी 'शब्द'पेक्षा हा वारसा जास्त कामाचा आहे.

आता फोनवर पीडीएफ अंक निघतात आणि संपादकीयात 'लिटल मॅगझिनची परंपरा' हमखास असते. पुढच्या वेळी असा अंक उघडलात तर एवढं पाहा: त्याचं भांडण कुणाशी आहे, की तो फक्त संपादकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपुरता निघालाय? दुसरं असेल तर त्याला स्मॉल म्हणा.