पन्हाळ्याच्या कोर्टातला ‘निकाली’ दावा : तक्ता वाचायचा की दप्तर?

दिवाणी न्यायालयांवर संशोधन करायचं म्हटलं की हल्ली सिनॉप्सिसमध्ये एक ओळ ठरलेली असते : माहिती ई-कोर्ट्स आणि राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवरून घेतली जाईल. ओळ सोयीची आहे. खर्च नाही, प्रवास नाही, कुणाच्या परवानगीची भानगड नाही. गाइडही फारसे प्रश्न विचारत नाहीत, कारण ‘डेटा’ म्हटलं की काम शास्त्रशुद्ध वाटतं. माझा आक्षेप या ओळीलाच आहे. ई-कोर्ट्स वाईट आहे म्हणून नव्हे. ते ज्या कामासाठी बांधलं, ते काम ते बऱ्यापैकी करतं. पण ती दाव्यांची सूची आहे, आणि आपण सूचीलाच दप्तर समजायला लागलो आहोत.

उदाहरणासाठी मुद्दाम छोटं ठिकाण घेते : पन्हाळा. तिथं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय आहे. अशा तालुका कोर्टात काय येतं हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. वाटणीचे दावे, कायम मनाईचे दावे, बांध सरकवल्याचे, घराच्या भिंतीचे, सांडपाण्याचे. समजा तुमचा विषय ‘भावकीतले जमीनतंटे आणि न्यायालयीन विलंब’ असा आहे. पोर्टलवर गेलात, जिल्हा कोल्हापूर, न्यायालय पन्हाळा निवडलंत, की दाव्याचा प्रकार, क्रमांक, दाखल तारीख, पुढची तारीख, टप्पा हे सगळं दिसतं. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असला तर काम एका मिनिटाचं. नसला तर पक्षकाराच्या नावानं शोधायचं, आणि तिथं नोंदणीचं वर्षही द्यावं लागतं. म्हणजे ज्याला आपला दावा माहीत आहे त्याच्यासाठी ही सोय. ज्याला दावे अजून शोधायचेत, त्यानं वर्षामागून वर्ष चाळायचं. त्यात चौगुले हे एकच आडनाव रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. एक तऱ्हा घेऊन शोधलंत तर बाकीचे चौगुले तुमच्या नमुन्यातून गळाले, आणि हे गळणं प्रबंधाच्या कुठल्याच तक्त्यात दिसणार नाही.

पण ही झाली किरकोळ अडचण. खरा घोळ ‘निकाली’ या शब्दात आहे.

वाटणीचा दावा घ्या. कोर्ट पुरावा ऐकतं, कुणाचा किती हिस्सा हे ठरवतं, प्राथमिक हुकूमनामा करतं. पोर्टलवर दावा निकाली. दाखल तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजले की आपल्याला ‘सरासरी विलंब’ मिळतो आणि एक आलेख तयार होतो. मात्र शेतसारा लागणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करतच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे आणि आदेश २० नियम १८ प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्याकडं जातं. व्यवहारात कागद तहसील कार्यालयात उतरतात, मोजणी भूमी अभिलेख खातं करतं. मध्ये दरखास्त लागली तर तिला नवीन क्रमांक पडतो, ती पोर्टलवर वेगळं प्रकरण म्हणून दिसते. मूळ दावा आणि दरखास्त यांची सांगड आलेख काढणाऱ्याला आपोआप मिळत नाही. म्हणजे एखाद्या कुटुंबात हुकूमनामा होऊनही जमीन आजवर एकत्रच कसली जात असेल, तरी आपल्या प्रबंधात तो तंटा अमुक वर्षांत ‘सुटलेला’ असतो. हे मोजमाप चुकीचं आहे असं नाही. ते कोर्टाच्या कामाचं मोजमाप आहे, लोकांच्या तंट्याचं नाही. विषय तंट्याचा आणि आकडे कामाचे, ही फसगत फार जणांच्या लक्षातही येत नाही.

‘काढून टाकला’ या शेऱ्याचंही तेच. वादी गैरहजर म्हणून दावा काढला गेला असेल. तो गैरहजर का? वकिलाची फी देणं झेपलं नाही, की भाऊबंदांनी देवळात बसून मिटवलं, की वादी वारला आणि वारसांनी लक्षच घातलं नाही? तीन वेगळ्या कहाण्या आणि शेरा एक. रोजनाम्यात कधीकधी धागा सापडतो, तक्त्यात नाही.

मग दप्तरात असं काय असतं? निशाणी १ म्हणजे दावा. निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. जमिनीच्या भांडणात बरेचदा खरी लढाई तिथंच होते, कारण त्या अर्जावरचा हुकूम पुढची कित्येक वर्षं कोण कसणार हे ठरवून टाकतो. मग प्रतिवादीची कैफियत, काढलेले मुद्दे, सातबारा आणि फेरफारांचे उतारे, वंशावळ, साक्षी, उलटतपास. निकालपत्र हे या सगळ्याचं न्यायाधीशांनी केलेलं वाचन असतं. आपण निकालपत्र वाचतो तेव्हा दुसऱ्याचं वाचन वाचतो. सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यांना उलटतपासात जे मिळतं ते निकालपत्रात सहसा उरत नाही. बहिणीनं हक्कसोड कधी, कुणासमोर, काय सांगितल्यावर केली, हे साक्षीतच येतं.

आणखी एक गळती सांगते, मग मागणीकडं वळू. पन्हाळा कोर्टाची यादी म्हणजे पन्हाळा तालुक्यातले तंटे नव्हेत. दाव्याची रक्कम कनिष्ठ स्तराच्या मर्यादेपलीकडं गेली की दावा वरिष्ठ स्तर न्यायालयात जातो. शेताची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, आणि पुष्कळ लोक तेच करतात. कुळ आहे की नाही हा प्रश्न १९४८ च्या कूळकायद्यानं दिवाणी कोर्टाच्या हातातून काढून घेतलेला आहे. कलम ८५ सरळ मनाई करतं, आणि दाव्यात तसा मुद्दा निघालाच तर ८५-अ प्रमाणे तो महसूल अधिकाऱ्याकडं पाठवावा लागतो. तालुक्यातल्या जमिनीच्या भांडणाचा मोठा भाग असा महसूल खात्याच्या कपाटात आहे. केवळ ई-कोर्ट्सवरून ‘पन्हाळा तालुक्यातील जमीनतंटे’ असं शीर्षक देणं मला धाडसाचं वाटतं.

आता नक्कल मागण्याबद्दल. पक्षकाराला निकालपत्र आणि हुकूमनाम्याची नक्कल मिळणं हा सरळ मामला आहे. आपण तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला अर्ज, बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्र, आणि नक्कल कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागतं. निकाल झालेल्या दाव्यातलं निकालपत्र मिळवणं तुलनेनं सोपं, चालू दाव्यातले कागद अवघड, आणि पक्षकारानं हजर केलेले खाजगी दस्त सगळ्यात अवघड. अनेक विद्यार्थी इथं म्हणतात, मग माहिती अधिकार टाकू. तो रस्ता सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० च्या निकालात जवळपास बंद केला. गुजरात उच्च न्यायालय आणि मुख्य माहिती आयुक्त यांच्यातलं ते प्रकरण. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागायच्या, त्यासाठी माहिती अधिकाराचा आधार घेता येणार नाही, असं त्यात ठरलं. तिऱ्हाइताकडून कारण मागणं हे माहिती अधिकाराशी विसंगत नाही, असंही.

या निकालावर माझं मत सांगते. कारण विचारावं, याला माझी हरकत नाही. वाटणीच्या दाव्यात घराण्याची आख्खी कुंडली असते : दुसरं लग्न, दत्तक, आजारपण, कर्ज. ज्यांनी न्याय मागताना ते नाइलाजानं उघड केलं, त्यांच्या कागदांना संरक्षण हवंच. हरकत आहे ती मापाला. माहिती अधिकारात कारण द्यावं लागत नाही, मुदत ठरलेली असते, नकार लेखी असतो, अपील असतं. कोर्टाच्या नियमांखाली मात्र ‘संशोधन’ हे पुरेसं कारण आहे की नाही हे त्या त्या न्यायाधीशांच्या समाधानावर. एका तालुक्यात मिळेल, शेजारच्या तालुक्यात नाही. मग आपला नमुना कोर्टांच्या स्वभावावर ठरतो. पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. तीन वर्षांच्या फेलोशिपमधले सहा महिने एका अर्जाच्या उत्तराची वाट बघण्यात गेले तर विषयच बदलावा लागतो, आणि असे बदललेले विषय कुठं मोजले जात नाहीत.

तरीही अर्ज करायचाच, आणि नीट करायचा. ‘पन्हाळा कोर्टातील २००० ते २०१० मधील जमिनीच्या दाव्यांची कागदपत्रं मिळावीत’ असा अर्ज फेटाळला गेला तर मी कोर्टाला दोष देणार नाही. दाव्याचा क्रमांक आणि वर्ष, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, नेमक्या कुठल्या निशाणीची नक्कल, हे लिहा. इथं ई-कोर्ट्स खरोखर कामाला येतं, सूची म्हणून. विद्यापीठाचं पत्र जोडा, नावं आणि गट नंबर बदलून वापरणार हे प्रतिज्ञापत्रात लिहा आणि तसंच वागा. अपील झालंय का ते आधी बघा, कारण अपिलात मूळ रेकॉर्ड वर मागवलं जातं आणि तुम्ही पन्हाळ्याला हेलपाटे घालत असता तेव्हा दप्तर जिल्हा न्यायालयात असतं. दुसऱ्या अपिलांची नवी दाखल १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडं होऊ लागली. त्याआधीचा माग काढायचा तर मुंबईचंही बघावं लागतं.

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. कोर्टाचं दप्तर कायम राहत नाही. १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याचा कायदा आहे आणि त्याखालच्या नियमांनी कागदांची वर्गवारी होते. काही कायम, काही ठरावीक वर्षांनी रद्दी. निकालपत्र आणि हुकूमनामा टिकतात. अर्ज, समन्स, किरकोळ कागद आधी जातात. टिकवण्याचा निकष हक्काचा पुरावा हा आहे, समाजाचा इतिहास हा नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये आहेत आणि त्यातला मोठा वाटा जुन्या अभिलेखांच्या स्कॅनिंगला. चांगलंच आहे. पण रद्दीत गेलेला कागद स्कॅन होत नाही, आणि स्कॅन झालेला कागद तिऱ्हाइताला आपोआप उघडा होत नाही.

१९४९ च्या मागं जायचं असेल तर वेगळंच दार. पन्हाळा १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी, आणि पुढं १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत कोल्हापूर संस्थानाचा भाग. म्हणजे तिथली न्यायालयं ब्रिटिश हिंदुस्थानच्या उतरंडीत नव्हती. याचा अर्थ काय होतो ते ताईमहाराज प्रकरणात दिसतं. बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले. टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त. १९०१ मध्ये दोन दत्तकं झाली, एक औरंगाबादेत जगन्नाथ, दुसरं कोल्हापूरकडचं बाळामहाराज. पुण्याच्या न्यायालयानं १९०६ मध्ये पहिलं दत्तक मानलं, मुंबई उच्च न्यायालयानं १९१० मध्ये ते उलटवलं, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९१५ मध्ये पुन्हा पहिलं कायम केलं. पाठ्यपुस्तकी गोष्ट इथं संपते. पण इस्टेटीचा एक भाग करवीर संस्थानात होता, आणि प्रिव्ही कौन्सिलचा हुकूम तिथं आपोआप चालत नव्हता.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण छापील निकालपत्रावर आणि टिळकांच्या चरित्रांवर थांबतात. साहजिक आहे. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल छापील मिळतो, इंग्रजीत आहे, आज इंटरनेटवरही आहे. करवीर दरबाराची बाजू शोधायची तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी दप्तर मागवून बसावं लागतं, आणि जुन्या कागदांसाठी मोडी वाचता आली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीच्या खटल्यातही सोपा कागद एका बाजूचा आणि अवघड कागद दुसऱ्या बाजूचा. आजच्या पन्हाळ्यात सोपा कागद कोर्टाच्या बाजूचा आहे, एवढाच फरक.

पुरालेखागाराचा एक फायदाही सांगून ठेवते. तिथं संशोधकाला तिऱ्हाईत मानत नाहीत. वाचनकक्ष संशोधकासाठीच असतो, आणि कारण म्हणून ‘संशोधन’ लिहिलं की पुरतं. त्यामुळं १९३० सालचा एखादा दावा आपल्याला १९९० सालच्या दाव्यापेक्षा सहज वाचायला मिळू शकतो. मोडीचा वर्ग लावायचा असेल तर तो सिनॉप्सिस देण्याआधी लावा.