अंमलाचे दोन अर्थ

मराठीत ‘अंमल’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. राज्याचा अंमल म्हणजे सत्ता, आणि भांगेचा अंमल म्हणजे धुंदी. मूळ अरबीत ‘कृती’ किंवा ‘कार्य’ असा अर्थ असलेला हा शब्द आपल्याकडे कचेरीतही रुळला आणि गांजाच्या चिलमीजवळही. ‘अंमलबजावणी’ आणि ‘अंमली पदार्थ’ ही दोन्ही त्याचीच अपत्ये होत. एकाच शब्दाने कायदा आणि कैफ या परस्परविरोधी गोष्टींचा निर्देश व्हावा, यात भाषेची गल्लत नाही. एक जाण आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : कोणाची सत्ता कोणावर चालते?

करमणुकीसाठी घेतल्या जाणाऱ्या मादक द्रव्यांना कायद्याने मुभा द्यावी काय, हा वाद आज जगभर चालू आहे. उरुग्वेने २०१३ साली, कॅनडाने २०१८ साली आणि जर्मनीने २०२४ साली गांजाच्या बाबतीत, कमीअधिक बंधने ठेवून, अशी मुभा दिली. थायलंडने २०२२ साली दार उघडले आणि २०२५ साली ते पुन्हा बरेचसे लोटून घेतले. पोर्तुगालने २००१ पासून विक्री हा गुन्हाच ठेवला, मात्र स्वतःपुरते द्रव्य जवळ बाळगणाऱ्याला गुन्हेगार मानणे सोडून दिले. आपल्याकडे १९८५चा गुंगीकारक औषधिद्रव्यांचा अधिनियम लागू आहे. त्याच्या व्याख्येत गांजा आणि चरस येतात, परंतु शेंड्यांवाचूनची नुसती पाने येत नाहीत. म्हणून भांग त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

या वादाशी वाङ्मयसमीक्षेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की या वादातील दोन्ही पक्ष नकळत साहित्याच्याच साक्षी काढीत असतात. मुभा मागणाऱ्याच्या मनात अफूच्या धुरातून नवी सृष्टी पाहणारा प्रतिभावंत असतो, तर बंदी मागणाऱ्याच्या मनात धुळीस मिळालेला सुधाकर. परंतु ज्या कलाकृतींची साक्ष काढावयाची, त्या कोणत्या कायद्याच्या छायेत निर्माण झाल्या, हे मात्र कोणी पाहत नाही. ते पाहिले, तर या कृतींचा अर्थही थोडा बदलतो आणि वादाचाही. प्रस्तुत लेखात चार निरनिराळ्या व्यवस्थांचे चित्र देणाऱ्या कृती विचारार्थ घेतल्या आहेत.

१

टॉमस डी क्विन्सीचे ‘कन्फेशन्स ऑफ अॅन इंग्लिश ओपियम-ईटर’ १८२१ साली ‘लंडन मॅगझिन’मध्ये दोन हप्त्यांत प्रसिद्ध झाले. १८०४ मध्ये दुखण्यावर उतारा म्हणून त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील औषधविक्रेत्याकडून अफू घेतली. तीत चोरटेपणा नव्हता. कोणीही जावे आणि चार पैशांत घेऊन यावे, असा तो काळ होता. इंग्लंडात अफूच्या विक्रीवर पहिला खरा निर्बंध १८६८च्या फार्मसी अॅक्टने आला. म्हणजे अफूवरील हे सर्वांत गाजलेले आत्मकथन मुक्त व्यापाराच्या युगातील आहे.

या ग्रंथात पोलीस नाहीत, तुरुंग नाही, दलाल नाही. जी शिक्षा आहे ती स्वप्नांची आहे. लेखकाला छळणारे सारे काही त्याच्या मनाच्या आतून येते, आणि म्हणूनच इंग्रजी गद्याला स्वप्नाच्या आंतररचनेचा असा शोध त्याच्या हातून लागला. मात्र प्रास्ताविकात त्याने एक गोष्ट ओझरती सांगितली आहे. मँचेस्टरच्या कापडगिरण्यांतील मजूर शनिवारी अफूच्या गोळ्या घेत, कारण दारू परवडेल एवढी मजुरी त्यांना मिळत नसे. त्या मजुरांची स्वप्ने कोणी लिहिली नाहीत. मुक्त व्यापारात दुःख मनात शिरते. ज्याच्यापाशी लेखणी आहे त्याच्या दुःखाचे वाङ्मय होते, इतरांच्या दुःखाची नोंदही राहत नाही.

बोदलेअरने १८६० साली या ग्रंथाचा काही भाग अनुवाद, काही सारांश आणि काही भाष्य अशा मिश्र रूपाने फ्रेंचमध्ये आणला आणि त्याच्या जोडीला हशिशवरील आपला निबंध ठेवला. ग्रंथाला नाव दिले ‘कृत्रिम स्वर्ग’. अनुवादकाच्या दृष्टीने हा प्रकार विलक्षण आहे. मूळ लेखकाचा शब्द कोठे संपला आणि अनुवादकाचा कोठे सुरू झाला, हे ओळखू येत नाही. तरी निर्णय मात्र बोदलेअरचा स्वतःचा आहे : जो स्वर्ग विकत मिळतो तो माणसाची इच्छाशक्ती हिरावून घेतो, आणि इच्छाशक्तीवाचून कविता नाही. प्रतिभेसाठी नशेची तरफदारी करणाऱ्यांनी या कवीची साक्ष काढू नये; ती त्यांच्याविरुद्ध जाते.

२

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, रंगभूमीवर आले. हे नाटक मद्यपाननिषेधाचे म्हणून ओळखले जाते. त्याच्या जगात दारू निषिद्ध नाही, हे मात्र विसरले जाते. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा चालू होता. दारू परवान्याने विकली जाई आणि तिचा महसूल सरकारी खजिन्यात जाई. ही पद्धतही नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष हा राज्याचा अधिकारीच आहे, आणि पानगृहे कशी असावीत, दारू कोणाला किती द्यावी, याचे नियम तेथे दिले आहेत.

सुधाकर पहिला प्याला घेतो तेव्हा तो कोणताही कायदा मोडीत नाही. तो स्वतः वकील आहे, आणि न्यायालयातील अपमान व सनदेचे प्रकरण यांतून तो त्या प्याल्याकडे वळतो. कायद्याच्या मंदिरातून बाहेर पडलेला माणूस कायदेशीर दारूने नष्ट होतो, हा या शोकांतिकेतला उपरोध समीक्षकांनी पुरेसा टिपलेला नाही. तळीराम हे पात्र तर परवाना-पद्धतीचेच अपत्य आहे. त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ म्हणजे त्या काळच्या सभा-संस्थांचे विडंबन. ते उजळमाथ्याने भरते आणि आपल्या पिण्याला तत्त्वज्ञानाचा व देशकार्याचा मुलामा देते. तळीरामाच्या कोट्यांना प्रेक्षक टाळ्या देतात, हा नाटकाचा दोष मानला गेला आहे. मला तो नाटकाचा खरेपणा वाटतो. जे द्रव्य उघड विकले जाते त्याला विनोदी वकील मिळतातच.

आणि दुःख? ते घरात जाते. ते सिंधूच्या जात्यापाशी आणि पाळण्यापाशी जाऊन बसते. सुधाकराचा कैफ रंगमंचावर दिसतो, परंतु त्याची किंमत जी चुकवते तिने प्यालाच काय, त्याचा वासही घेतलेला नाही. ‘स्वतःच्या शरीरापुरते स्वातंत्र्य’ हा मुभेच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद येथे अडखळतो, कारण गडकऱ्यांच्या जगात कोणाचेही शरीर एकट्याचे नाही. गडचिरोलीत १९९३ साली आणि चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली, तिच्यामागे स्त्रियांचा रेटा होता. तो सिंधूच्याच अनुभवातून आलेला होता. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली. त्या निर्णयाचे गुणदोष काहीही असोत, त्या बायकांनी मांडलेला प्रश्न उठला नाही.

३

अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीत तिसरी व्यवस्था आहे : स्वतः राज्यच अफूचे व्यापारी. १८३८च्या सुमारास गाझीपूरजवळच्या गावात राहणाऱ्या दीतीच्या घराचे छप्पर गळते, कारण शाकारणीला गव्हाचे काड मिळत नाही. आणि काड मिळत नाही, कारण शेतात गव्हाऐवजी खसखशीची बोंडे डुलत आहेत. एका छपरात कंपनी सरकारचे सारे अर्थशास्त्र लेखकाने सामावले आहे. आगाऊ रक्कम, सक्तीची लागवड, ठरवून दिलेला भाव, गाझीपूरचा कारखाना आणि तेथून चीनकडे जाणाऱ्या पेट्या, ही साखळी कादंबरी वस्तूंच्या तपशिलांतून उभी करते. ती क्वचित माहितीने लठ्ठ होते. परंतु ज्या सत्याला आकडेच वाचा देतात, त्याला येथे चेहरे मिळाले आहेत.

याच कादंबरीत ‘अंमल’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका घरात भेटतात. लग्नाच्या रात्री दीतीला अफू देऊन बेशुद्ध केले जाते, आणि तिच्या शरीरावर दुसऱ्याचाच अधिकार चालतो. पुढे ती तेच द्रव्य सासूला चारून तिच्या तोंडून सत्य काढून घेते. कारखान्यात खपणारा नवरा अफूनेच खचत जातो. धुंदी हे येथे सुख नाही आणि स्वातंत्र्य तर नाहीच. ते सत्तेचे हत्यार आहे. खाजगी व्यापारापेक्षा सरकारी विक्री बरी, असे आज सुचविले जाते. ते बरेही असेल. परंतु महसुलाची गोडी लागलेले राज्य हा तटस्थ पंच नसतो, हे दीतीचे छप्पर सांगते.

४

चौथी व्यवस्था बंदीची. जीत थायिल यांची ‘नार्कोपोलिस’ (२०१२) ही कादंबरी मुंबईच्या शुक्लाजी स्ट्रीटवर घडते. रशीदच्या अड्ड्यावर अफूची नळी भरून देणारी डिंपल, तिच्याभोवती जमणारे अर्धजागृत लोक, आणि मग १९८०च्या दशकात गर्दचा शिरकाव, असा तिचा ओघ आहे. नळीला वेळ लागतो, बैठक लागते, भरणारा हात लागतो. पुडीला यांतले काहीच लागत नाही. लपवून न्यावयाच्या मालाला आकार लहान आणि जोर मोठा असावा लागतो, हे चोरट्या व्यापाराचे साधे गणित आहे, आणि बंदीच्या काळात मंद द्रव्याची जागा जहाल द्रव्य घेते, हे वाचकाला येथे डोळ्यांनी दिसते. मात्र लेखकाला नळीविषयी वाटणारी हुरहुर आपण जपून स्वीकारली पाहिजे. त्या अड्ड्याचे सौंदर्य हे बरेचसे गद्यशैलीचे सौंदर्य आहे, आणि डिंपलचे आयुष्य त्या सौंदर्याच्या आधीच लुटले गेलेले आहे.

मराठीत याच काळाची साक्ष अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकात आहे. तेथे शैलीचा धूर नाही. ‘गर्द’ म्हणजे फारसीत धूळ. आपल्याला या शब्दाने एरवी दाट झाडी आठवे. अवचटांनी तो शब्द फलाटावरच्या, फुटपाथवरच्या मुलांच्या तोंडून ऐकला आणि तसाच मराठी वाचकापुढे ठेवला. या लेखनाचा परिणाम असा, की पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. एका गद्यलेखनातून रुग्णालय उभे राहिल्याची उदाहरणे कोणत्याही भाषेत थोडीच असतील. त्याच सुमारास देशाचा कायदा त्याच मुलाकडे आरोपी म्हणून पाहू लागला होता. सेवन करणाऱ्यालाही त्यात कारावासाची तरतूद आहे. उपचारास स्वतःहून तयार होणाऱ्याला सूट देणारे कलमही आहे, पण ते कलम त्याला वाचून दाखविणार कोण?

५

या चार साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दुःख कोणत्याच व्यवस्थेत नाहीसे होत नाही. ते केवळ जागा बदलते. मुक्त व्यापारात ते मनात असते, परवान्यात घरात, सरकारी मक्त्यात शेतात, आणि बंदीत रस्त्यावर व तुरुंगात. म्हणून कायद्याची निवड म्हणजे सद्गुण आणि दुर्गुण यांच्यातली निवड नसून, हे ओझे कोणाच्या खांद्यावर जावे याची निवड होय. ‘मुभा की बंदी’ असा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, ते शब्दच हे ओझे झाकतात. इंग्रजीत जे विशेषण ‘करमणुकीसाठी’ असे सांगते, ते मराठीत आणताना अनुवादक अडतो. कारण सिंधूच्या, दीतीच्या किंवा फलाटावरच्या मुलाच्या बाबतीत करमणूक कोणाची, हे सांगावेच लागते. उलट ‘व्यसन’ म्हटले, की पहिल्याच अक्षरात शेवट ठरून जातो. १८९३–९४ मध्ये बसलेल्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षीदार तपासून असा निष्कर्ष काढला होता, की माफक सेवन आणि अतिरेक यांत भेद केला पाहिजे, आणि संपूर्ण बंदी आवश्यक नाही. तो निष्कर्ष महसूल घेणाऱ्या सरकारच्या आयोगाचा होता, हे लक्षात ठेवावे; पण हा भेद करण्याची शिस्तही विसरू नये.

माझे स्वतःचे मत या कृतींनीच घडविले आहे. सेवन करणाऱ्याला तुरुंगात घालण्याचे समर्थन यांपैकी एकाही कृतीत मला सापडत नाही. परंतु जाहिरात करणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती हा व्यवहार द्यावा, असेही कोणतीच सुचवीत नाही; तळीरामाला दुकान थाटून देण्याइतके भोळे आपण राहिलेलो नाही. या दोन टोकांच्या मधली वाट कायदेपंडितांनी शोधावी. समीक्षेचे काम इतकेच, की वादात जेव्हा साहित्याची साक्ष निघेल, तेव्हा साक्षीदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : तू कोणाच्या अंमलाखाली बोलत आहेस, आणि तुझ्या शेजारी मुकाट कोण बसले आहे?