घोडा ज्याचा, इतिहास त्याचा

पलटणींचे इतिहास आपल्याकडे वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. निवृत्त अधिकाऱ्याने ते लिहायचे आणि मेसच्या कपाटात ठेवायचे, एवढीच त्यांची कल्पना. मला मात्र वाटते की दलित समीक्षेने हा प्रकार तपासून पाहिला पाहिजे. कोणाचे नाव जगवायचे आणि ते कोणी ठरवायचे हा आपल्या साहित्याचा मूळ प्रश्न आहे, आणि तो येथे उघडाच पडतो.

पूना हॉर्स हा रिसाला घ्या. जून 1817 च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावावर 5,000 घोडदळ व 3,000 पायदळ यांचा खर्च लादला गेला. त्यातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी पूना ऑक्झिलरी हॉर्स उभी राहिली, तिचेच हे पुढचे नाव. पेशव्याच्या खर्चाने उभारायचा रिसाला वर्ष संपताच पेशव्यावर चालून गेला! 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावात कॅप्टन स्टॉन्टनपाशी मुंबई पायदळाचे सुमारे 500 शिपाई, या रिसाल्याचे अडीच-तीनशे स्वार आणि मद्रास तोफखान्याचे 24 गोलंदाज होते. 834 पैकी 275 मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. याच मातीतली माणसे दोन्ही बाजूंना होती.

‘कोरेगाव’ हा युद्धसन्मान रिसाल्याला मिळाला, तसा त्या पायदळालाही. रिसाल्याचा धागा पुढे तुटला नाही. 1965 मध्ये तारापोर आणि 1971 मध्ये अरुण खेत्रपाल यांना याच रिसाल्यात परमवीर चक्र मिळाले. लेफ्टनंट जनरल हनुतसिंह यांनी 1993 मध्ये ‘फख्र-ए-हिंद’ हा त्याचा इतिहास लिहिला. पायदळाची पलटणही ग्रेनेडियर्सच्या रूपाने राहिली. राहिला नाही तो त्यातला महार शिपाई. लढवय्या जातींचे शास्त्र निघाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याची भरती बंद झाली. सन्मान पलटणीच्या निशाणावर राहिला; त्याच्या वाट्याला अर्ज आला.

म्हणून माझ्या मते आपला पलटणीचा इतिहास म्हणजे अर्जांचा इतिहास. गोपाळबाबा वलंगकरांचा 1894 चा, शिवराम जानबा कांबळे यांचा 1910 चा. या अर्जांची भाषा आर्जवी आहे, आणि वलंगकरांना तर आपण मूळचे क्षत्रिय असल्याचे सांगावे लागले. ज्या जातिव्यवस्थेने बाहेर काढले तिच्याच बोलीत दार ठोठवायचे. यावर नाक मुरडणाऱ्याने अर्जदाराचे पोट आधी पाहावे. 1917 साली 111 महार पलटण निघाली आणि युद्ध सरताच मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, बेळगावला.

आता घोड्याकडे वळतो. रिसाला शिलेदारी होता. ज्याचा घोडा त्याची चाकरी. ज्या गावगाड्यात महाराने घोड्यावर बसणे हाच गुन्हा, तिथला महार शिलेदार होणार कुठून? तो पायीच लढणार. अमेरिकेच्या यादवी युद्धातही काळ्यांची पाचवी मॅसॅच्युसेट्स घोडदळ पलटण जून 1864 मध्ये पीटर्सबर्गजवळ घोड्यांवाचून, पायीच लढली. नाव घोडदळाचे, पाय स्वतःचे. जोतीरावांनी 1873 ची ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, ती याच युद्धाच्या आठवणीने.

पण टीका फक्त दुसऱ्यांवर करून चालायचे नाही. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला कोरेगावला गेले. तेव्हापासून आपल्या कवितेत तो स्तंभ उभा आहे. त्या कवितेत 500 च्या 500 शिपाई महार असतात, समोर 28,000 पेशवे सैनिक असतात, आणि स्वार व गोलंदाज नाहीसे होतात. यातले बरेचसे 28,000 प्रत्यक्ष गावात लढलेच नव्हते. सरकारी इतिहासाने आपल्याला गाळले, तीच कात्री आपण दुसऱ्यांवर चालवतो. स्तंभावर 49 मृतांची नावे आहेत, त्यांतली 22 ‘नाक’ या शेवटाची. तोही दगड कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला, हे विसरून कसे चालेल?

वाशीला आमच्या अभ्यासमंडळात एका तरुणाने अशीच कविता वाचली. मी हे आकडे सांगितले तेव्हा तो रागावला. “सर, तुम्ही तर आमचा स्तंभच हलवताय,” म्हणाला. मी म्हणालो, “बाळा, 500 चा आकडा काढ आणि 22 नावे घाल. एकेक करून, पूर्ण.” पुढच्या बैठकीला त्याने वहीत ती नावे उतरवून आणली होती. कविता अजून लिहायची होती.